दोन महासागर जोडू इच्छिणाऱ्या होतकरूंसाठी

दोन महासागर जोडायचं मनावर घेतलंत, फार बरं केलंत. नाहीतर आपल्या नवी मुंबईतला निवृत्त माणूस करतो काय? पाम बीच रोडच्या कडेला उभा राहून फ्लेमिंगो मोजतो, आणि ते उडून गेले की टॉवरचे मजले मोजतो. तुमच्याकडे वेळ आहे, फंडाचे पैसे हातात आलेत, मुलगा परदेशात आहे. कालव्याला आणखी काय लागतं?

आधी जागेचं बघू. भारतात या भानगडीत पडू नका. आपले समुद्र कन्याकुमारीला एकमेकांना भेटतातच, तेही फुकट, आणि लोक तिथे जातात ते सूर्योदय बघायला. शिवाय इथे खणायचं नाव काढलं की कुणीतरी कोर्टात जातं. तुम्हाला हवा असा देश, ज्याची कंबर बारीक, तिजोरी त्याहून बारीक, आणि संसदेत सांगितल्याबरोबर हात वर करणारे भरपूर. फार शोधू नका. मध्य अमेरिकेत निकाराग्वा आहे. एका अंगाला प्रशांत महासागर, दुसऱ्या अंगाला कॅरिबियन समुद्र, मध्ये कोसिबोल्का नावाचं अवाढव्य सरोवर. देवानेच अर्धं काम करून ठेवलंय असं कुणालाही वाटेल, आणि गेली पावणेदोनशे वर्षं ते प्रत्येकाला वाटतंच आहे. कॅलिफोर्नियात सोनं सापडलं तेव्हा व्हँडरबिल्ट या अमेरिकी उद्योगपतीने याच वाटेने आगबोटीतून माणसं नेली होती, शेवटचे काही मैल घोडागाडीने. कालवा तेवढा राहिला.

अमेरिकेलाही आधी पनामापेक्षा निकाराग्वाच पसंत होता. पण १९०२ साली फिलिप बुनो-वारिया नावाच्या फ्रेंच इंजिनिअरने निकाराग्वाची टपाल तिकिटं जमवली, ज्यांवर मोमोतोंबो हा ज्वालामुखी धूर ओकताना छापला होता, आणि एकेक तिकीट सिनेटरांना पाठवून दिलं. नुकताच मे महिन्यात मार्तिनिक बेटावर ज्वालामुखी फुटून तीसेक हजार माणसं गेली होती. सिनेटरांनी तिकीट बघितलं आणि मत पनामाला दिलं. बुनो-वारियाचे स्वतःचे पैसे पनामात कालवा खणायचा हक्क असलेल्या फ्रेंच कंपनीत अडकले होते, हा योगायोग समजावा. त्या कंपनीला अमेरिकेने पुढे ४ कोटी डॉलर मोजले. तेव्हा पहिला धडा असा की देश निवडताना त्याची टपाल तिकिटं एकदा नजरेखालून घाला.

आता पैसा. स्वतःचा घालायचा नाही, हे तुम्हाला सांगायला नको. गुंतवणूकदार परदेशी हवा, आणि शक्यतो त्याने आयुष्यात कधी खड्डा खणलेला नसावा. खणणाऱ्या माणसाला खडक दिसतो आणि तो नसत्या शंका काढतो. निकाराग्वाला वांग जिंग मिळाले. बीजिंगचे, टेलिकॉमच्या धंद्यातले. त्यांनी एचकेएनडी नावाची कंपनी हाँगकाँगमध्ये थाटली आणि ४,००० कोटी डॉलरचा, पुढे ५,००० कोटींचा कालवा काढतो म्हणाले. देशाच्या तेव्हाच्या वार्षिक उत्पन्नाच्या तिप्पट-चौपट रक्कम ही. एवढा आकडा ऐकून तुम्ही दचकाल, पण दचकू नका. मोठ्या आकड्याचा फायदा असा की त्याचा हिशेब मागायला कुणी धजत नाही. आपल्या सोसायटीच्या पुनर्विकासात बिल्डरला पार्किंगच्या एका खांबावरून तीन मीटिंगा धारेवर धरणारी मंडळी कॉर्पस फंडाचा आकडा आला की चहा प्यायला बाहेर जातात, तसंच.

इथे एक खुलासा करतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा माणूस परदेशी पैशाच्या विरोधातला दिसतो. तसं नाही. मुंबई आणि नवी मुंबई जोडणाऱ्या अटल सेतूला जायका या जपानी सरकारी संस्थेचं कर्ज आहे. २१.८ किलोमीटरचा पूल, जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला, टोलबद्दल कुरकुर करत का होईना आपण त्यावरून जातो. पूल आहे. निकाराग्वाच्या पैशाचं वैशिष्ट्य असं होतं की तो येणार होता.

आणि आता या धंद्याचा गाभा. लक्ष देऊन वाचा, कारण बाकी सगळं विसरलात तरी चालेल. कालव्यासाठी पाणी लागत नाही, यंत्रं लागत नाहीत, कायदा लागतो. निकाराग्वाच्या राष्ट्रीय सभेने १३ जून २०१३ रोजी कायदा क्रमांक ८४० मंजूर केला. विधेयक मांडल्यापासून मंजूर होईपर्यंत दिवस गेले, महिने नव्हे. आपल्याकडे साधा नळजोड मिळायला याहून जास्त वेळ लागतो. निविदा नाही, दुसरा कुणी बोली लावणारा नाही. वांग यांच्या कंपनीला कालवा बांधून चालवायचा हक्क ५० वर्षं, आवडलं तर आणखी ५०. सरकारला मिळणार वर्षाला जास्तीत जास्त १ कोटी डॉलर, तेही दहाच वर्षं. शिवाय कालव्यासोबत बंदरं, विमानतळ, मुक्त व्यापार क्षेत्र, पर्यटनाची संकुलं, रस्ते असे उपप्रकल्प. विरोधकांचं म्हणणं असं की कालवा नाही झाला तरी हे उपप्रकल्प करायची मुभा कायद्यात होती. आता बंदर आलं, विमानतळ आलं आणि मधल्या जमिनीचं काय होतं, हे नवी मुंबईकराला मी समजावून सांगणं म्हणजे कोळ्याला मासे ओळखायला शिकवणं.

मोबदल्याचं कलम मात्र माझ्या विशेष आवडीचं आहे. जमीन घ्यायची तर सरकारी नोंदीतली किंमत आणि बाजारभाव यांतलं जे कमी असेल ते द्यायचं. जे कमी असेल ते! आपल्याकडच्या अधिकाऱ्यांना हे चार शब्द सुचले नाहीत याचं मला वाईट वाटतं. इथे १९७० मध्ये सिडको ही नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी आली, ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी घ्यायचं ठरलं, आणि मग शेतकरी आपले नेते दि. बा. पाटलांच्या मागे उभे राहिले. जानेवारी १९८४ मध्ये जासई आणि नवघर फाट्याकडे गोळीबार झाला, पाच माणसं गेली. त्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायचं सूत्र निघालं. ते साडेबारा टक्के मिळवण्यात दुसरी पिढी म्हातारी झाली, तो भाग वेगळा. पण तुमच्या दृष्टीने हे वाईट उदाहरण आहे. म्हणून सांगतो, कालव्याचं प्रेझेंटेशन कुठेही करा, उरण-पनवेलच्या बाजूला करू नका.

मी ती चूक जाणूनबुजून केली. दिवाळे गावातले एक काका आहेत, त्यांना सगळी योजना समजावून सांगितली. रेषा कुठून जाते, जहाजं किती मोठी, कायदा कसा झटपट. काकांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, "मोजणीवाले पोलीस घेऊन आले का एकटे आले?"

हा प्रश्न हाँगकाँगच्या एकाही सल्लागाराला सुचला नसेल. पोलीस घेऊन आले, काका. पोलीस आणि लष्कर दोन्ही. २०१४ मध्ये चिनी मोजणीदार बंदोबस्तात गावोगाव फिरले, घरं, झाडं, गुरं लिहून घेतली. ज्यांच्या दारात ते गेले ती माणसं मग रस्त्यावर आली. फ्रान्सिस्का रामिरेझ ही साधी शेतकरी बाई त्यांची नेता झाली, मोर्चांवर मोर्चे निघाले, ट्रक अडवले गेले, लाठ्या पडल्या. पुढे २०१८ मध्ये सरकारने केलेल्या दडपशाहीत तिला कोस्टा रिकाला पळून जावं लागलं. होतकरू कालवावाल्याने अशा बायकांपासून सावध राहावं. त्यांच्याकडे प्रेझेंटेशन नसतं, पण कायद्याचं कलम त्यांना तोंडपाठ असतं.

भूमिपूजन ही मात्र आपल्या हाताची गोष्ट. निकाराग्वात ते २२ डिसेंबर २०१४ रोजी झालं. खणलं काय, तर प्रशांत किनाऱ्याच्या बाजूला यंत्रं नेण्यासाठीचा रस्ता. पाच वर्षांत कालवा पूर्ण, ५०,००० लोकांना काम, असं जाहीर झालं. पर्यावरणाचा अहवाल ब्रिटिश सल्लागारांनी दिला, हजारो पानांचा, आणि सरकारने तो मान्य केला नोव्हेंबर २०१५ मध्ये. म्हणजे नारळ आधी, अहवाल नंतर. हा क्रम पाळा. अहवाल आधी आला तर नारळाची चव जाते. त्या अहवालातही आणखी अभ्यास करा असं सुचवलं होतं, पण तोवर हार सुकले होते.

सरोवराबद्दल कुणी विचारलंच, तर विषय बदला. नाही जमलं, तर निदान आकडे पाठ ठेवा. कोसिबोल्का हे मध्य अमेरिकेतलं सर्वांत मोठं सरोवर, ८,००० चौरस किलोमीटरच्या वर. देशाचा पिण्याच्या पाण्याचा साठा. आखलेल्या सुमारे २७८ किलोमीटरच्या मार्गातले शंभरेक किलोमीटर त्यातून जाणार होते. सरोवर उथळ आणि जहाजं खोल, तेव्हा तळ खरवडत राहायचं आणि तो गाळ पाण्यात कुठेतरी टाकायचा. ठाणे खाडीत ड्रेजर चालल्यावर पाण्याचा रंग काय होतो ते ऐरोलीच्या पुलावरून दिसतं, फक्त ते पाणी आपल्याला प्यायचं नसतं.

पाण्याची ही गोष्ट पनामालाही सुटलेली नाही. तिथे एक जहाज पलीकडे जायला साधारण २० कोटी लिटर गोडं पाणी समुद्रात सोडावं लागतं. २०२३ मध्ये पाऊस कमी पडला, कालव्याला पाणी पुरवणारं गातुन सरोवर खाली गेलं आणि रोजची ३६ च्या आसपास जहाजं वर्षअखेरीस दोन डझनांवर आली. घोडबंदर रोडवर टँकरची वाट बघणाऱ्या माणसाला जागतिक व्यापाराची ही अडचण पटकन कळेल.

पनामाचा विषय निघालाच आहे तर लेसेप्सकाकांनाही नमस्कार करून घ्या. सुएझचा कालवा काढून नाव झालेल्या या फ्रेंच गृहस्थाने १८८१ मध्ये पनामात काम सुरू केलं. पैसा फ्रान्समधल्या छोट्या छोट्या माणसांचा, शिंपी, शिक्षक, विधवा. हिवताप आणि पीतज्वराने वीसेक हजार कामगार मेले, १८८९ मध्ये कंपनी बुडाली. चौकशीत निघालं की खासदारांना आणि वर्तमानपत्रांना पैसे चारले होते. त्या प्रकरणात आयफेललाही शिक्षा झाली होती, नंतर ती रद्द झाली. मनोरा बांधणारा माणूससुद्धा कालव्यात घसरतो, तर आपण कोण. पण लेसेप्सने निदान खणलं तरी. म्हणून तो जुन्या पद्धतीचा समजायचा.

नवी पद्धत वांग यांची. २०१५ मध्ये चीनचा शेअर बाजार कोसळला आणि त्यांच्या कागदावरच्या संपत्तीतला बहुतेक भाग त्यात वाहून गेला. कालव्याचा पत्ता नव्हताच, पाणी मात्र खरोखर वाहिलं. २०१८ मध्ये हाँगकाँगचं ऑफिस बंद झालं. कायदा तेवढा जिवंत राहिला. मे २०२४ मध्ये त्याच संसदेने तो रद्द केला, तेव्हाही हात वर करणारे कमी पडले नाहीत. मधली अकरा वर्षं प्रशांत किनाऱ्यावरच्या ब्रितोपासून कॅरिबियन किनाऱ्यावरच्या पुंता गोर्दापर्यंतच्या शेतकऱ्याच्या डोक्यावर एक रेषा होती. घर दुरुस्त करावं की नको, झाड लावावं की नको, मुलाला जमीन वाटून द्यावी की थांबावं, हे तो त्या रेषेला विचारत बसला असेल. कालव्यातून एकही जहाज गेलं नाही, पण कायद्याने आपलं काम केलं.

काकांनी यावर विचारलं, "मग पैसे कुणाला मिळाले?" मी म्हटलं, सल्लागारांना फी मिळाली असेल. काका म्हणाले, "आमच्याकडे वकिलांना मिळाली."

तर नाउमेद होऊ नका. तुम्ही अगदी योग्य वेळी आला आहात. कायदा रद्द होऊन सहा महिने होतात न होतात तोच नोव्हेंबर २०२४ मध्ये राष्ट्राध्यक्ष ओर्तेगांनी चिनी उद्योजकांच्या परिषदेत नवा नकाशा मांडला. आता कालवा ४४५ किलोमीटरचा. पनामाचा सारा कालवा जेमतेम ८० किलोमीटरचा आहे, म्हणजे साडेपाच पनामा एका ओळीत. सुरुवात कॅरिबियनच्या बाजूला ब्लूफील्ड्सला, शेवट प्रशांतवर कोरिंतोला. कोसिबोल्काला हात लावायचा नाही, म्हणजे पर्यावरणवाद्यांचं तोंड बंद. मार्ग जातो दुसऱ्या, धाकट्या सरोवरातून, राजधानी मानाग्वाच्या दारातून.

गुंतवणूकदार अजून ठरलेला नाही, जागा रिकामी आहे. कंपनीचं नाव नोंदवून टाका, इंग्रजी आद्याक्षरांचं ठेवा, मधे 'ग्लोबल' घाला. वाशीच्या कुठल्याही प्रिंटिंगवाल्याकडे रंगीत नकाशा मोठ्या आकारात छापून मिळेल. छापताना एकच काळजी घ्या. त्या धाकट्या सरोवराच्या वायव्य काठावर एक सुबक शंकूसारखा डोंगर आहे. तोच तो मोमोतोंबो, तिकिटावरचा. शतकभर गप्प बसून २०१५ च्या डिसेंबरात पुन्हा फुटला. नकाशात त्याला हिरवा रंग द्या आणि पायथ्याशी 'प्रस्तावित रिसॉर्ट' असं लिहा.