टर्की पक्ष्याच्या शिकारीतल्या कॉलबद्दल फिरणारा तो मेसेज आणि त्यातलं काय काय चुकतंय

एप्रिल जवळ आला की इथे अमेरिकेतल्या मराठी ग्रुप्समधे एक मेसेज फिरायला लागतो, गेल्या दोन सीझनमधे मला तो वेगवेगळ्या पाच जणांनी पाठवलाय. थोडक्यात असा आहे: टर्कीच्या शिकारीला जायचंय तर महागातला कॉल, म्हणजे पक्ष्याचा आवाज काढायचं साधन, घ्या, त्यातही तोंडात धरायचा डायफ्रॅमच घ्या कारण खरे शिकारी तोच वापरतात, जमला नाही तर मोबाईलवर मादीचा आवाज लावा, जोरात आणि सारखा वाजवत राहा म्हणजे नर धावत येतो, आणि तरी नाहीच आला तर नराची आरोळी, म्हणजे गॉबल, काढून त्याला चिडवा. यातलं जवळजवळ सगळं चुकीचं आहे आणि शेवटचं तर जिवावर बेतणारं आहे, म्हणून हे एवढं लिहितोय.

मी मिसुरी राज्यात राहतो, नऊ सीझन झाले जातोय. भारतात वन्यजीव संरक्षण कायदा आहे, शिकार बंद आहे आणि ती बंदच राहावी असं मला मनापासून वाटतं. इथे मात्र परवाना, ठरलेले दिवस, किती पक्षी याची मर्यादा, वसंतात फक्त नर किंवा छातीवर दाढीचा झुपका असलेलाच पक्षी, असं सगळं बांधून दिलेलं आहे. त्या चौकटीत राहूनच बोलतोय.

"महागातला कॉल घ्या"

किमतीने आवाज येत नाही हो, घासण्याने येतो. बॉक्स कॉल म्हणजे वीतभर लांब पातळ लाकडाची पेटी आणि वर एका स्क्रूवर फिरणारं झाकण, झाकणाला खडू लावायचा आणि ते पेटीच्या कडेवर हलकेच ओढायचं, की आधी बारीक आणि मग घोगरा असा दोन भागातला यल्प, म्हणजे मादीची हाक, निघतो. पहिल्या वर्षी मी झाकणाची खालची बाजू अंगठ्याने छान पुसून साफ केली, बोटाचं तेल लाकडाला लागलं आणि चांगला कॉल मुका झाला. खडूसुद्धा तेलकट मेणकट चालत नाही, साधा कोरडा पाहिजे. आणि दव पडलं असेल तर कितीही पैसे दिलेले असोत, ओलं लाकूड बोलत नाही.

नवीन माणसाला मी पाटीचा कॉल सांगतो. अक्षरशः आपली शाळेतली पाटी, गोल वाटीत बसवलेली, आणि पेन्सिलीच्या जागी लाकडी काडी. काडी पेनासारखी धरायची, थोडी तिरपी, टोक पाटीवरून उचलायचं नाही, छोटे लंबगोल काढले की यल्प, हळूच सरळ ओढली की पर्र, म्हणजे मादी निवांत चरताना काढते तो आवाज. वाटीच्या खाली भोकं असतात, ती तळहाताने बुजवली की आवाज गुदमरतो, म्हणून वाटी बोटांच्या टोकांवर धरायची. चकचकीत झाली की पॉलिश पेपर मारायचा. काचेचे आणि ॲल्युमिनियमचे पण मिळतात, ते जास्त लांब जातात, वाऱ्याच्या दिवशी बरे.

"डायफ्रॅम म्हणजेच खरा शिकारी"

डायफ्रॅमचा फायदा खरा आहे, तो नाकारत नाही. घोड्याच्या नालेच्या आकाराची चौकट, त्यावर ताणलेलं पातळ रबर, टाळूला जिभेने दाबून धरायचं, त्यामुळे दोन्ही हात बंदुकीवर मोकळे राहतात आणि पावसातही वाजतो. टर्कीची नजर इतकी तिखट असते की पक्षी चाळीस पावलांवर आला असताना झाकण ओढायला हात हलवलात तर खेळ संपला. पण कित्येकांना तो घशाशी गेला की उमासेच येतात, प्रत्येकाच्या टाळूचा आकार वेगळा, आणि अर्धवट जमलेल्या डायफ्रॅमपेक्षा नीट जमलेली पाटी कधीही चांगली. आणि "खरा" म्हणाल तर डायफ्रॅमचं पेटंट १९२१ चं आहे, बॉक्सचं १८९७ चं, आणि टर्कीच्याच पंखाच्या पोकळ हाडांची नळी करून हवा ओढून आवाज काढायची पद्धत इथल्या मूळ लोकांची, हजारो वर्षांची. मग काय ते सगळे खोटे शिकारी होते का?

"मोबाईलवर रेकॉर्डिंग लावा"

मिसुरीत टर्कीसाठी इलेक्ट्रॉनिक कॉल बेकायदा आहे आणि अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत तसंच आहे. घरी गाडीत बसून खऱ्या पक्ष्यांची रेकॉर्डिंग ऐका, खूप ऐका, त्याने कान तयार होतो. जंगलात नाही.

"जोरात आणि सारखा वाजवत राहा"

सगळ्यात जास्त नुकसान या एका वाक्याने होतं. वसंतात निसर्गाचा क्रम असा की नर एका जागी उभा राहून गॉबल करतो, पिसारा फुलवतो आणि माद्या त्याच्याकडे जातात. आपण मादी होऊन त्याला म्हणतोय तू ये. म्हणजे आपण मुळातच उलटं मागतोय, आणि त्यात तुम्ही दर मिनिटाला हाक मारलीत तर त्याला पक्कं वाटतं की ही इतकी आतुर आहे, येईलच, आपण थांबू. मग तो थांबतो.

तिसऱ्या सीझनला माझ्यासोबत हेच झालं. ओढ्याच्या पलीकडे नर, माझ्या प्रत्येक यल्पला उत्तर देत होता, मला इतका आनंद झाला की मी थांबलोच नाही, चाळीस मिनिटं आमचं चाललं होतं, तो पाऊलभर पुढे आला नाही, आणि मग तीन खऱ्या माद्या आल्या आणि तो त्यांच्याबरोबर निघून गेला. मला शिकवणारे शेजारी सत्तरीचे आहेत, ते एवढंच म्हणाले की तू त्याचं ऐकत नव्हतास, स्वतःचंच ऐकत होतास. पुढच्या आठवड्यात त्याच ओढ्यापाशी दोन यल्प दिले, त्याचं उत्तर आलं, आणि कॉल मांडीवर ठेवून दिला. फक्त हाताने सुका पाला खरवडला, मादी दाणे शोधते तसा, आणि परत गप्प. वीस-पंचवीस मिनिटं काहीच नाही. मग उजवीकडून एक खोल घुमणारा आवाज, कानापेक्षा छातीत जाणवतो तसा. नर पिसारा फुलवून चालताना तो काढतो आणि जवळ असल्याशिवाय ऐकूच येत नाही. एकही गॉबल न करता आला होता.

जोरात कॉलला जागा आहे, वारं असेल, पक्षी लांबच्या टेकडीवर असेल किंवा एखादी चिडकी मादी तुम्हाला उलट बोलत असेल तर तिच्यासारखंच तोडून बोला, ती आली तर तिच्यामागे नरही येतो. बाकी वेळ हळू. आणि पहाटे तो कुठल्या झाडावर मुक्कामाला आहे एवढंच कळायला हवं असेल तर मादीचा आवाज काढूच नका, घुबडाचा किंवा कावळ्याचा काढा, दचकून तो गॉबल करतो. मोराच्या केकेचाही कॉल मिळतो इथे, पहिल्यांदा ऐकला तेव्हा मिसुरीच्या ओक झाडांत मला एकदम गावची आठवण झाली.

"गॉबल काढून चिडवा"

हे करू नका. सार्वजनिक जमिनीवर तर अजिबातच नाही. तुम्ही नराचा आवाज काढताय, अंगावर झाडापानांच्या रंगाचे कपडे, आणि शंभर पावलांवर दुसरा माणूस भरलेली बंदूक घेऊन नेमका तोच आवाज शोधतोय. त्याच कारणाने लाल, पांढरा, निळा रंग अंगावर नको, बनियन किंवा हातरुमालसुद्धा नको, कारण नराच्या डोक्याचे तेच रंग. पाठ टेकायला खांद्यापेक्षा रुंद झाड बघा. दुसऱ्याचा गॉबल ऐकून त्याच्याकडे सरपटत जाऊ नका, तिथे माणूस असू शकतो. आणि कोणी तुमच्याकडे सरकताना दिसलं तर हात हलवू नका, टर्कीचा आवाज काढू नका, बसल्या जागेवरून मोठ्याने ओरडा, पक्षी उडाला तर उडू दे.

तुम्ही तो मेसेज पुढे पाठवला असेल तर ज्याला पाठवलाय त्याला निदान हा शेवटचा भाग आजच कळवा.