किल्ल्याबाहेर फक्त बाजारबुणगे?

उत्तर इंग्लंडमधल्या हेड्रियनच्या भिंतीबद्दल, म्हणजे रोमन साम्राज्याच्या सरहद्दीवरच्या जुन्या तटबंदीबद्दल, एक माहिती सध्या बरीच फिरते आहे. तिचा सारांश असा: रोमन सैनिकांना लग्नाची बंदी होती, म्हणून सरहद्दीवरच्या प्रत्येक किल्ल्याबाहेर वेश्या, दारूवाले आणि बाजारबुणगे यांच्या झोपड्या आपोआप उगवल्या. तिथे राहणारे सगळे आसपासचे गरीब ब्रिटनवासी होते. इ.स. 410 च्या सुमारास रोमन फौज ब्रिटनमधून गेली आणि या वस्त्याही तेव्हाच ओस पडल्या.

लग्नबंदी खरी होती. ती सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसने 197 च्या सुमारास उठवली असं मानतात. पण बंदी म्हणजे एवढंच की सरकार ते लग्न मानत नव्हतं. संसार व्हायचे ते होतच होते आणि सरकारलाही ते पुरतं ठाऊक होतं. सहायक पलटणीतल्या (म्हणजे बहुतेक रोमन नागरिक नसलेल्या) सैनिकाला 25 वर्षांच्या चाकरीनंतर कांस्याच्या पत्र्यावर कोरलेली सनद मिळे. 140 पर्यंतच्या सनदांत त्याच्याबरोबर त्याच्या मुलांनाही नागरिकत्व दिलेलं असे, आणि सोबतच्या बाईशी रीतसर लग्नाचा हक्कही. कागदोपत्री जी मुलं असायलाच नकोत, त्यांना नागरिकत्व!

याहून बोलका पुरावा पायांतल्या जोड्यांचा आहे. भिंतीच्या थोडं दक्षिणेला असलेल्या विंडोलांडा या किल्ल्याच्या ओल्या, हवा न लागणाऱ्या मातीत चामडं टिकतं. तिथे हजारो जोडे सापडलेत, त्यांत बायकांचे आणि लहान मुलांचेही आहेत. त्यांतले काही तर खुद्द बराकींतून निघाले, 105 नंतरच्या थरांतून, म्हणजे बंदी पूर्ण लागू असताना. बायका-मुलं तटाबाहेर आणि सैनिक आत, ही विभागणीच त्यामुळे डळमळीत होते. (क्लॉडिया सेव्हेराने सुल्पिसिया लेपिडिनाला धाडलेलं, विंडोलांडालाच सापडलेलं वाढदिवसाचं प्रसिद्ध आमंत्रण मात्र इथे पुरावा म्हणून पुढे करू नये. त्या अधिकाऱ्यांच्या बायका होत्या, आणि साहेबांना ही बंदी नव्हती.)

झोपड्या आपोआप उगवल्या, हेही टिकत नाही. रस्त्याच्या कडेने ओळीत बांधलेली लांबट घरं, पुढे रस्त्याकडे तोंड केलेलं दुकान, मागे कारखाना नाहीतर राहायची जागा, अशी मांडणी या वस्त्यांत पुन्हा पुन्हा दिसते. पुण्याच्या लष्कर भागातल्या जुन्या पेठा ज्यांनी पाहिल्यात त्यांना हे चित्र परकं वाटणार नाही. शिवाय इथल्या रहिवाशांची स्वतःची अशी संघटना होती. विंडोलांडाच्या गावकऱ्यांनी मिळून, एका माणसाच्या देखरेखीखाली, व्हल्कन या अग्निदेवाला अर्पण केलेली वेदी सापडली आहे. स्कॉटलंडमध्ये अँटोनाइन भिंत या दुसऱ्या रोमन तटबंदीवरच्या कॅरिडन किल्ल्यापाशीही गावकऱ्यांनी ज्युपिटरला वाहिलेली अशीच वेदी 1956 मध्ये मिळाली. दारूच्या गुत्त्यांभोवती जमलेला घोळका एकत्र येऊन देवाची वेदी कोरून घेत नाही.

दारू नव्हती असं नाही. विंडोलांडाला सापडलेल्या, लाकडाच्या पातळ पट्ट्यांवर लिहिलेल्या पत्रांत अट्रेक्टस नावाचा बिअर गाळणारा आहे. पण त्याच पत्रांत ऑक्टेव्हियसही आहे. धान्य आणि कातड्यांच्या व्यवहारासाठी तो पैसे तातडीने मागतो आणि रस्ते खराब असल्याची तक्रार करतो. आणखी एक व्यापारी आहे. छड्यांनी रक्त येईपर्यंत मार खाल्लेला हा माणूस वरच्यांकडे दाद मागतो. प्रीफेक्ट, म्हणजे पलटणीचा प्रमुख, आजारी असल्याने त्याच्याकडे गाऱ्हाणं नेता आलं नाही, असंही तो लिहितो, आणि स्वतःला समुद्रापलीकडून आलेला निरपराध माणूस म्हणवतो.

म्हणजे सगळे स्थानिक, हेही गेलंच. भिंतीच्या पूर्व टोकाजवळच्या साउथ शील्ड्सच्या किल्ल्यापाशी सापडलेला थडग्याचा दगड बघा. तो उभारणारा बराटेस आजच्या सीरियातल्या पाल्मिराचा. त्याची बायको रेजिना आधी त्याची गुलाम होती, मग त्याने तिला मुक्त केलं. ती कॅटुव्हेलाउनी जमातीची, म्हणजे ब्रिटनच्याच दक्षिणेकडची. ती तिसाव्या वर्षी गेली. लॅटिन मजकुराखाली एक ओळ बराटेसच्या मातृभाषेत आहे: रेजिना, बराटेसची मुक्त स्त्री, हाय.

गुन्हेगारीचा विषय निघाला की भिंतीवरच्या हाउसस्टेड्स किल्ल्याबाहेरचं ‘खुनाचं घर’ हमखास पुढे येतं. 1930 च्या दशकात वस्तीतल्या एका घराच्या जमिनीखाली दोन सांगाडे मिळाले, एकाच्या बरगड्यांत पात्याचं टोक अडकलेलं. खून झालाच असणार. पण 2010 मध्ये विंडोलांडाच्या किल्ल्याच्या आत, बराकीत, सुमारे दहा वर्षांच्या मुलाचं लपवून पुरलेलं प्रेत निघालं. तेव्हा बदमाशी फक्त तटाबाहेर होती असं म्हणायला जागा नाही.

राहिलं 410. हेड्रियनच्या भिंतीलगतच्या विंडोलांडा आणि हाउसस्टेड्ससारख्या वस्त्या तिसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात, 270-280 च्या आसपासच, रिकाम्या झाल्या. किल्ल्यांत फौज त्यानंतरही होती. 410 उजाडलं तेव्हा या बाजारपेठा ओस पडून शंभराहून जास्त वर्षं झाली होती.