अर्कर्ट किल्ला कोणी पाडला, आणि राक्षस तेथे कधी आला?

स्कॉटलंडमधील लॉख नेस सरोवराकाठच्या अर्कर्ट किल्ल्याचे भग्न अवशेष दाखवणारे छायाचित्र आणि त्यासोबतचा मजकूर समाजमाध्यमांवर वारंवार फिरत असतो. इसवी सन ५६५ मध्ये आयर्लंडहून आलेले ख्रिस्ती धर्मप्रसारक संत कोलंबा यांनी याच किल्ल्यासमोर सरोवरातील राक्षसाला पळवून लावले, पुढे इंग्रजांनी तोफा डागून किल्ला जमीनदोस्त केला आणि तळघरातला खजिना आजही तसाच पडून आहे, असे त्यात ठामपणे सांगितलेले असते.

यातील पहिल्या विधानाचा आधार म्हणजे स्कॉटलंडच्या आयोना बेटावरील मठाधिपती अडोमनान यांनी, कोलंबांच्या ५९७ मधील निधनानंतर सुमारे शंभर वर्षांनी लिहिलेले संतचरित्र. त्यातले श्वापद मात्र सरोवरात नसून नेस नदीत आहे, प्रसंगाला साल दिलेले नाही आणि किल्ल्याचा तर उल्लेखही नाही. अर्कर्टचे खोरे त्याच चरित्रात निराळ्या प्रकरणात येते. तेथे कोलंबा एमखाट नावाच्या मरणासन्न वृद्धाला बाप्तिस्मा देतात आणि त्या कथेत श्वापद कोठेही नाही. या दोन प्रसंगांची सांधेजोड नंतरच्या लोकांनी केली. त्या टेकाडावर कोलंबांच्या सुमारास एखादी गढी असावी असे उत्खननातून दिसते, हे मान्यच केले पाहिजे; पण छायाचित्रात दिसणारे तट तेराव्या शतकापासून पुढे उभे राहिले आहेत. सरोवरातल्या राक्षसाची आजची ख्याती तर १९३३ च्या वर्तमानपत्री बातम्यांपासूनची आहे.

दुसरे विधान मराठी वाचकाला सहज पटते, कारण १८१८ मध्ये आपल्याकडच्या कित्येक किल्ल्यांच्या वाटा आणि दरवाजे इंग्रजांनी सुरुंग लावून उडवले होते. अर्कर्टची हकिकत मात्र वेगळी आहे. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याच्या सैन्याने १२९६ मध्ये हा किल्ला घेतला हे खरे. तरीही त्यानंतर जवळजवळ चार शतके तो नांदता राहिला आणि १५०९ मध्ये चौथ्या जेम्स राजाने तो दुरुस्तीच्या अटीवर ग्रँट घराण्याला दिला. १६८९ मध्ये पदच्युत राजा सातवा जेम्स याच्या बाजूच्या जॅकोबाइटांनी वेढा घातला, तेव्हा त्याच्या जागी आलेल्या राजा विल्यमच्या पक्षाची शिबंदी आत टिकून राहिली. याच शिबंदीने १६९२ मध्ये किल्ला सोडताना तो शत्रूच्या कामी येऊ नये म्हणून महाद्वाराची वास्तू दारू ठासून उडवली. उडालेल्या बांधकामाचे प्रचंड तुकडे आजही दरवाजापाशी पडलेले आहेत, आणि तोफांच्या कथेला याहून मोठे उत्तर नको. उरलेली नासधूस आसपासच्या लोकांनी आणि हवामानाने केली: लोकांनी छपराचे शिसे, लाकूड आणि चिरे नेले, तर मनोऱ्याचा एक भाग १७१५ च्या वादळात कोसळला. ग्रँटांना नुकसानभरपाई मंजूर झाली, पण दुरुस्ती काही झाली नाही.

खजिन्याची दंतकथा मुळात मजकुरात सांगतात त्याहून रंगतदार आहे. तिच्यात तळघरे दोन आहेत, एकात धन आणि दुसऱ्यात प्लेगची साथ कोंडलेली. कोणत्यात काय हे ठाऊक नसल्यामुळे उघडण्याची हिंमत कोणी करत नाही. कथा म्हणून ती चोख आहे, कारण तपास न करण्याचे निमित्त तिच्यातच आहे. इतिहास मात्र असे सांगतो की १५४५ मध्ये मॅकडोनल्ड घराण्याच्या टोळ्यांनी खोऱ्यातली सुमारे दोन हजार गुरे हाकून नेली आणि किल्ल्यातल्या गाद्या, भांडी, तोफाच काय, लोखंडी दरवाजे आणि होड्यासुद्धा सोडल्या नाहीत. एवढ्या धुवून नेलेल्या जागी पुरलेले धन शाबूत राहिले असे मानायला पुरावा हवा, आणि तो मजकुरात कोठेच दिलेला नाही. १९१३ मध्ये अवशेष सरकारी देखरेखीखाली आल्यानंतर मलबा उपसला गेला, तेव्हाही सोन्याच्या राशी निघाल्या नाहीत. तेथे सापडलेल्या वस्तूंपैकी लक्षात राहण्याजोगी आहे ती एक कांस्याची झारी, आणि ती पाहुण्यांना पाहता यावी म्हणून किल्ल्यापाशीच मांडून ठेवली आहे.