वरच्या वजनाचा गडी

दळणाचा पंधरा किलोचा डबा पुढ्यात असताना मोपेड पायांनी मागे ढकलून बघा एकदा. पाय डब्याच्या दोन्ही अंगांना फाकलेले, टाचा जमिनीला पोचत नाहीत, एक चप्पल निसटायच्या बेतात, रस्त्याला नेमका पुढच्या बाजूला उतार, आणि मागचा रिक्षावाला हॉर्नवर हात ठेवून विचारतोय, "आता मागं कुठं यायलाय?" हे सगळं मला करायला लावलं सहावी-सातवीतल्या एका पोरानं. मंगळवार पेठेत, शनिवारी सकाळची शाळा सुटताना, भर रस्त्यात. आणि कशासाठी? पुढचं चाक पांढऱ्या पट्टीला टेकलं म्हणून. टेकलं होतं की नव्हतं, हा वाद माझ्या लेखी अजून मिटलेला नाही.

जानेवारी म्हणजे रस्ता सुरक्षेची मोहीम. आरएसपीची, म्हणजे रोड सेफ्टी पेट्रोलची पोरं एरवी शाळेच्या मैदानावर कवायत करतात. जानेवारीत त्यांना खरा रस्ता मिळतो. ह्याच्या कमरेचा पट्टा बहुतेक थोरल्या भावाचा होता. खिळ्यानं दोन जादा भोकं पाडून आवळलेला, उरलेलं टोक पार पाठीमागं खोचलेलं. शिट्टीत थुंकी साठल्यामुळं तिचा आवाज फुर्र असा येत होता. पण तोरा असा, की साक्षात फौजदार बरा.

"काका, चाक मागं घ्या. पट्टीवर आलंय."

"अरे बाळा, टेकलंय नुसतं."

"टेकलं म्हंजे आलं."

मी कुरकुरत घेतलंही असतं मागं. पण कोल्हापुरात दोघांचा वाद दोघांत मिटला तर तो वाद धरत नाहीत. कोपऱ्यावरच्या चहाच्या गाड्यापाशी बाकड्यावर एक म्हातारा बसला होता. दोन्ही कान मोडलेले. आमच्याकडं असे कान दिसले की जास्त चौकशी करत नाहीत, माणसानं उमेदीची वर्षं तांबड्या मातीत घालवलेली असतात. म्हाताऱ्यानं बशीतला उरलेला चहा एका घोटात संपवला, धोतराचा सोगा वर खोचला आणि "थांबा जरा!" म्हणून सरळ आमच्या दोघांच्या मधे येऊन उभा राहिला. मला वाटलं, माझ्या वयाचा मान राखून पोराला चार शब्द सुनावणार. तो माझ्याकडं बघितलाच नाही. गुडघ्यावर हात देत खाली बसला, मान वाकडी केली, एक डोळा मिटला आणि चाक नि पट्टी ह्यांच्यामधल्या फटीत बघायला लागला.

"पाठ लागलीया," त्यानं निकाल दिला.

"कुणाची?"

"चाकाची. एक खांदा वर हाय, पर दुसरा पुरा टेकलाय."

"चाकाला खांदा कुठला आलाय?" असं मी विचारलं. विचारायला नको होतं असं नाही, विचारायलाच हवं होतं. पण त्याचा परिणाम असा झाला की म्हातारा आणखी खाली वाकला आणि टायरच्या कडेची जागा बोटानं दाखवायला लागला. "ह्यो बगा, ह्यो खांदा. आनि ही पाठ. खासबागेत पंच असाच वाकून बगतोय. तुमी काय खुर्चीत बसून कुस्ती बगितलेली मानसं."

खासबागेचं नाव निघालं की कोल्हापूरकर घड्याळ बघत नाही. शाहू महाराजांनी हे कुस्तीचं मैदान बांधलं, ते १९१२ मध्ये पुरं झालं, मधे हौदा आणि भोवती अशी उतरती बैठक की शेवटच्या माणसालाही डाव दिसावा. हे सगळं म्हाताऱ्यानं माझ्या हँडलवर हात ठेवून सांगितलं. आता कान मोडलेल्या माणसानं हँडल धरल्यावर आपण इंजिन चालू करत नाही. तोवर भोवती पंधरा-वीस माणसं जमली. दोघंजण आणखी वाकून बघायला लागले. एक म्हणाला, "कुस्ती बरोबरीत सोडवा." दुसरा म्हणाला, "गुणावर लावा." भाजीवाली मावशी फक्त माझ्या डब्याकडं बघून म्हणाली, "जुंधळा हाय का गहू?" फक्त हलगी वाजायची बाकी होती.

ह्या गोंधळात ज्या लेकरांसाठी हा कायदा चालला होता, ती केव्हाच रस्ता ओलांडून बोरं घ्यायला गेली होती.

आणि तेवढ्यात ती गाडी आली. पांढरी, काळ्या काचांची, मागच्या काचेवर कुठल्यातरी साहेबांचा फोटो. दुसऱ्या बाजूनं नवा घोळका पट्ट्यांवर उतरला होता. पोरानं पाटी वर केली, शिट्टी मारली, फुर्र. गाडीनं वेग कमी केला नाहीच, उलट वाढवला. पोरगंच दोन पावलं मागं सरकलं आणि त्यानं हात आडवा करून घोळका दाबून धरला. गाडी गेली. गर्दीतला एकही पंच वाकला नाही.

"आता हिची पाठ लागली नाही का?" मी म्हाताऱ्याला विचारलं, अगदी कडवट आवाजात.

"त्यो वरच्या वजनाचा गडी हाय," म्हातारा म्हणाला. "त्याची जोड न्हाई लागत हितं. तुमी घ्या मागं."

घेतलं मागं. दुसरं काय करणार.

रात्री झोप येईना म्हणून मोबाईलवर शोधलं. आधी आपलेच वाहन चालवण्याचे नियम लागले, २०१७ चे. त्यात पट्ट्यांवर माणूस असेल तर गाडीनं थांबून वाट द्यायची असं लिहिलंय. ते माझ्या काही उपयोगाचं नव्हतं, पुढं सरकलो. मग सापडलं. अमेरिकेत शाळकरी पोरांची ही गस्त १९२० च्या सुमारास शिकागोत तिथल्या मोटार क्लबानं सुरू केली. जर्मनीत १९५३ पासून आहे. आणि मुख्य मुद्दा असा, की अमेरिकेत ही पोरं गाड्या थांबवतच नाहीत! त्यांनी थांबवायचं ते दुसऱ्या पोरांना. फुटपाथच्या कडेला हात आडवा करून उभं राहायचं, रस्ता मोकळा झाला की हात काढायचा. वाहनांना हुकूम सोडायचा नाही. मी अंथरुणात उठून बसलो. बायको म्हणाली, "काय झालं?" म्हटलं, "त्या पोराला अधिकारच नव्हता!" ती कूस बदलून झोपली.

पण हे ऐकवायचं कुणाला? सकाळी त्याच रस्त्यावरून गेलो आणि फुटपाथ शोधायला लागलो, जिथं पोरांना हात आडवा करून थांबवता येईल. फुटपाथवर भेळेचा गाडा. त्याच्या पुढं दोन बुलेट, एकीवर झाकण घातलेलं. पुढं वाढदिवसाचा फलक, त्यावर गॉगल घातलेले अकरा शुभेच्छुक. मग उघडं गटार. शाळेच्या फाटकातून बाहेर पाऊल टाकलं की ते थेट डांबरावरच पडतं. शिकागोच्या पोरानं इथं हात आडवा करायचा तरी कुठं उभं राहून? पट्टे तेवढे नवे आहेत, मोहिमेआधी मारलेले. पावसाळा आला की जातील, आणि पुन्हा पुढच्या जानेवारीपर्यंत लेकरांनी अंदाजानं ओलांडायचं. बारा वर्षांच्या पोराच्या हातात शिट्टी देऊन त्याला काळ्या काचांसमोर उभं करायचं आणि फोटो काढून घ्यायचा, ह्याला आपण सुरक्षा म्हणतो. पगारी माणूस त्या कोपऱ्यावर मी कधी बघितला नाही. चौकात बघितलाय, हेल्मेट नसलेल्यांच्या पावत्या फाडताना.

बरं, त्या रस्त्यावर कोंडी करतात कोण? मी? माझी मोपेड अंगणातल्या तुळशीएवढी जागा घेते. कोंडी करतात पोरांना सोडायला आलेले आईबाप. घर चार गल्ल्या पलीकडं, पण गाडी थेट फाटकाला लागली पाहिजे. दार रस्त्याच्या मधोमध उघडायचं, दप्तर, डबा, पाण्याची बाटली, टाटा, सगळं यथासांग. मागं रांग लागली तर लागू दे.

परवाच असा एक बाप माझ्या पुढं होता. आरएसपीचा पोरगा पाटी धरून उभा, पट्ट्यांवर पहिलीतली लेकरं, आणि हा हॉर्न वाजवतोय. काच खाली होती म्हणून सगळं ऐकू आलं. हॉर्नवरचा हात न काढता तो शेजारी बसलेल्या पोराला सांगत होता, "बगितलास? पुढच्या वर्षी तूपन नाव घाल ह्यात. सर्टिफिकेट मिळतंय."