नव्या मोटारसायकलच्या ब्रेकचा आवाज ‘येणारच’ असतो का?

पावसाळ्याच्या तोंडावर मुंबईतल्या दुचाकीस्वारांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत एक सल्ला हमखास फिरतो. त्याचा मजकूर थोडक्यात असा: नव्या मोटारसायकलच्या पुढच्या डिस्क ब्रेकमधून आवाज येत असेल तर काळजी करू नये, पॅड (डिस्कला दाबून धरणारे घर्षणाचे तुकडे) सेट होईपर्यंत म्हणजे पहिले 1000 किलोमीटर तो येणारच, पावसात डिस्कला गंज चढतो म्हणून तो वाढतो, फारच त्रास होत असेल तर पॅड पॉलिश पेपरवर घासावेत आणि डिस्कवर गंज सोडवणारा स्प्रे मारावा, तोवर मागच्या ब्रेकवर गाडी चालवावी, आणि सर्व्हिस सेंटरला जाऊ नये, कारण तिथे पॅड बदलून विनाकारण पैसे घेतले जातात.

यातला पहिला भाग निम्मा खरा आहे, आणि त्या निम्म्या सत्याच्या आधारावरच बाकीचे सगळे लोकांना पटते. मी रोज अंधेरीहून परळला मोटारसायकलने जातो, ब्रेक स्वतः उघडून साफ करतो, आणि आमच्याच इमारतीतल्या एका मुलाने गेल्या वर्षी हा सल्ला तंतोतंत पाळल्यावर काय झाले ते मी पाहिले आहे. म्हणून प्रत्येक मुद्द्याला स्वतंत्र उत्तर देतो.

आधी त्या 1000 किलोमीटरविषयी. हा आकडा इंजिनाच्या रनिंग-इनवरून, म्हणजे नवे इंजिन जपून चालवण्याच्या काळावरून उचललेला दिसतो, आणि इंजिनाचा हिशेब ब्रेकला लागू होत नाही. नवा पॅड आणि नवी डिस्क यांचे पृष्ठभाग सुरुवातीला एकमेकांना पूर्ण टेकत नाहीत; ब्रेक लागताना निर्माण होणाऱ्या उष्णतेने पॅडच्या द्रव्याचा एक पातळ, एकसारखा थर डिस्कवर बसतो आणि मग पकड व आवाज दोन्ही सुधारतात. मेकॅनिक ज्याला ‘पॅड सेट होणे’ म्हणतात ते हेच. पण हे काम ब्रेक कसा आणि किती वेळा लावला यावर होते, किती अंतर कापले यावर नाही. साकीनाक्याहून घाटकोपरला पंधरा-वीसच्या वेगाने, लिव्हर हलकेच दाबत-सोडत जाणारी गाडी महिनाभर चालली तरी तिचे पॅड नीट सेट होतील याची खात्री नसते. सततच्या हलक्या घासण्याने त्यांचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होऊन आवाज उलट वाढूही शकतो. त्यापेक्षा रविवारी पहाटे एखाद्या मोकळ्या, कोरड्या रस्त्यावर, मागे वाहन नसल्याची खात्री करून, 40 ते 50 च्या वेगावरून 10 च्या आसपास येईपर्यंत मध्यम दाबाने आठ-दहा वेळा वेग कमी करावा, दोन खेपांच्या मध्ये डिस्कला थंड होऊ द्यावे, आणि ती तापलेली असताना लिव्हर दाबून गाडी उभी ठेवू नये. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत याहून वेगळी सूचना असेल तर तीच पाळावी. एवढे झाल्यावरही जो आवाज उरतो, तो ‘सेट होत असल्याचा’ आवाज मानण्याचे कारण राहत नाही.

या सल्ल्यातली माझ्या मते सर्वांत मोठी चूक मात्र वेगळीच आहे. त्यात ‘आवाज’ हा एकच शब्द वापरला आहे, आणि पुढच्या चाकातून येणारे आवाज निदान पाच प्रकारचे असतात.

गाडी हाताने ढकलताना ऐकू येणारी हलकी ‘स्स्स’ अशी घासणी दोष नव्हे. डिस्क ब्रेकमध्ये पॅड मागे ओढणारी स्प्रिंग नसते. पॅडला डिस्कवर ढकलणाऱ्या पिस्टनभोवतीची चौकोनी छेदाची रबरी सील दाबाने किंचित वाकते आणि लिव्हर सोडल्यावर सरळ होताना पिस्टनला केसभर मागे घेते, त्यामुळे पॅड डिस्कला जेमतेम स्पर्श करत राहणे स्वाभाविक आहे. दुसरा आवाज म्हणजे थांबण्याच्या बेतात असताना येणारी कर्कश किंकाळी. पॅड डिस्कला धरतो, सुटतो, पुन्हा धरतो, हे सेकंदाला हजारो वेळा घडून पॅड, कॅलिपर (पॅड आणि पिस्टन ज्यात बसतात तो डिस्कवरचा भाग) आणि डिस्क मिळून थरथरतात, तेव्हा ती निघते. तिची कारणे साधी असू शकतात, जसे पॅड सेट न झालेले असणे किंवा पॅडमागची पातळ पत्री जागेवर नसणे. आणि गंभीरही असू शकतात, जसे पॅडवर तेल आलेले असणे किंवा कॅलिपर अडकत असणे. तिसरा आवाज धातूवर धातू घासल्यासारखी खरखर. तो ऐकू आला की गाडी पुढे चालवू नये, कारण पॅडमध्ये खडा रुतलेला असू शकतो, पॅड चुकीचा बसलेला असू शकतो, किंवा त्याचे द्रव्य संपून मागची लोखंडी पट्टी डिस्कला लागत असू शकते. चौथा आवाज चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा येणारी टिकटिक किंवा घासणी. तिच्यासोबत लिव्हर बोटाखाली धडधडत असेल तर डिस्क वाकलेली असण्याचा संशय घ्यावा. नवी गाडी असली तरी हे शक्य असते. डिस्क लॉक काढायला विसरून गाडी पुढे घेतली, किंवा स्टेशनबाहेरच्या दाटीच्या पार्किंगमध्ये कुलूप लावलेली गाडी कोणी ओढून सरकवली, तर डिस्कला झटका बसतो. (जोरात ब्रेक लावल्यावर चाक लॉक होऊ न देणारी एबीएस यंत्रणा सुरू होऊन लिव्हरमध्ये जी धडधड जाणवते ती मात्र वेगळी आणि योग्यच असते.) पाचवा आवाज ब्रेकचा नसतोच: लिव्हर दाबा वा सोडा, तो बदलत नाही, वेगाबरोबर वाढतो, आणि मग चाकाच्या बेअरिंगकडे पाहावे लागते.

हे ओळखायला अवजारे लागत नाहीत. गाडी मेन स्टँडवर घ्यावी, एकाने मागच्या बाजूला भार देऊन पुढचे चाक जमिनीपासून उचलावे आणि दुसऱ्याने ते हाताने फिरवावे. लिव्हर दाबून सोडल्यावर चाक पुन्हा सहज फिरते का, की अडखळते? घासण्याचा आवाज पूर्ण फेरीभर येतो की एकाच जागी? मग रस्त्यावर आवाज पहिल्या पाच मिनिटांतच येतो की ब्रेक तापल्यावर येतो, कोरड्यात येतो की ओल्यात, हे चार दिवस लिहून ठेवावे. शेवटी मोबाइलच्या उजेडात कॅलिपरच्या फटीतून आतला आणि बाहेरचा असे दोन्ही पॅड पाहून त्यांच्या जाडीची तुलना करावी. नव्या गाडीवर ती जवळपास सारखीच असायला हवी.

गंजाचा मुद्दा लवकर संपतो. मोटारसायकलच्या डिस्क बहुतेक स्टेनलेस स्टीलच्या असतात. समुद्राच्या खाऱ्या हवेत आणि आठवडाभराच्या पावसात त्यांच्यावरही तांबूस डाग येतात, पण पॅड फिरतो त्या पट्ट्यावरचा हा थर पहिल्या चार-सहा ब्रेकमध्ये पुसला जातो. सोसायटीच्या फाटकापासून पहिल्या सिग्नलपर्यंत आवाज आला आणि गेला, तर तो गंजाचा किंवा पाण्याचा होता. संध्याकाळी घरी परततानाही तो येत असेल तर गंजाला दोष देता येणार नाही. पावसाळ्यातला खरा त्रास चिखलाचा असतो: हिंदमातासारख्या तुंबलेल्या भागातून किंवा खोदलेल्या रस्त्यावरून आल्यावर बारीक वाळू पॅड आणि कॅलिपरमध्ये जाऊन बसते, म्हणून घरी आल्यावर साध्या पाण्याने कॅलिपर धुणे उपयोगी पडते.

आता पॉलिश पेपर आणि स्प्रे. पेपरबाबत माझा पूर्ण विरोध नाही. पॅड गुळगुळीत झाला असेल तर सपाट फरशीवर बारीक पेपर ठेवून जाणकाराने त्यावर हलका हात फिरवणे मेकॅनिकही करतात. पण कारण शोधल्याशिवाय ते केले तर आवाज काही दिवस दबतो आणि दोष तसाच राहतो. स्प्रेबाबत मात्र शंकेला जागाच नाही. गंज सोडवणारे स्प्रे तेलकट असतात. पॅडचे द्रव्य सच्छिद्र असते आणि ते तेल पिते. आवाज थांबतो तो घर्षण कमी झाल्यामुळे, आणि घर्षण कमी होणे म्हणजेच ब्रेक लागणे कमी होणे. तेल प्यायलेला पॅड पुन्हा खात्रीचा होत नाही, तो बदलावाच लागतो, आणि जोडीनेच बदलावा लागतो. डिस्क पुसायची असेल तर ब्रेक क्लीनर किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि स्वच्छ कापड, एवढेच वापरावे. इथे नावानेही घोटाळा होतो. आपण ज्याला ‘ब्रेक ऑइल’ म्हणतो ते बहुतेक गाड्यांत तेल नसून ग्लायकॉलवर आधारलेला द्रव असतो. त्याचे काम नळीच्या आत दाब पोहोचवण्याचे आहे, आणि डिस्कवर किंवा पॅडवर त्याचा थेंब सांडणे तेवढेच घातक असते. हा द्रव ज्यात भरतात त्या मास्टर सिलिंडरच्या झाकणावर जो ग्रेड कोरलेला असतो, बहुधा डीओटी 4, तोच वापरावा.

नव्या गाडीच्या पॅडवर तेल येईल कुठून, असे पुष्कळ जण विचारतात. डिलिव्हरीच्या दिवशी गाडी चमकावी म्हणून टायरवर आणि प्लास्टिकवर मारलेले पॉलिश डिस्कवर उडते. गाडी धुणारे अजूनही कित्येक ठिकाणी डिझेल किंवा रॉकेलचा फवारा मारतात. पूजेच्या वेळी पुढच्या चाकाशी नारळ वाढवला जातो आणि त्याचे शिंतोडे व हळदकुंकू डिस्कवर राहते. पूजा जरूर करावी. नंतर डिस्क पुसून घ्यावी. आणि पुढच्या फोर्कच्या दांडीवर ओला तेलकट पट्टा दिसत असेल तर ऑइल सील गळत आहे, आणि ते तेल थेट ब्रेकवर उतरते.

मागच्या ब्रेकवर गाडी चालवण्याचा सल्ला मला सर्वांत धोकादायक वाटतो. ब्रेक लागताना गाडीचा भार पुढच्या चाकावर येतो आणि मागचे चाक हलके होते, म्हणून थांबवण्याचे बहुतांश काम पुढचाच ब्रेक करतो. एकटा मागचा ब्रेक जोरात दाबला तर ओल्या रस्त्यावर चाक लॉक होऊन गाडी आडवी जाते. 1 एप्रिल 2019 पासून देशात विकल्या जाणाऱ्या 125 सीसीवरच्या दुचाकींना एबीएस आणि त्याखालच्यांना सीबीएस (दोन्ही ब्रेक एकत्र लावणारी यंत्रणा) किंवा एबीएस बंधनकारक करण्यात आले. सिंगल चॅनल एबीएसच्या गाड्यांत हे संरक्षण पुढच्याच चाकाला असते, म्हणजे पुढचा ब्रेक टाळणारा माणूस नेमके एबीएस असलेले चाक बाजूला ठेवतो. सीबीएसच्या गाडीत मागचा पेडल दाबला की पुढचा ब्रेकही काही प्रमाणात लागतोच, त्यामुळे तिथे हा सल्ला पाळणेच शक्य नसते. शिवाय पुढचा ब्रेक नीट वापरला नाही तर पॅड सेट होणार कसे, याचे उत्तर तो संदेश देत नाही.

राहिला सर्व्हिस सेंटरचा मुद्दा. विनाकारण पॅड बदलल्याच्या तक्रारी मीही ऐकल्या आहेत आणि त्या सगळ्या खोट्या नसतील. पॅड झिजणारा भाग म्हणून सहसा वॉरंटीच्या बाहेर ठेवतात, हेही खरे. पण मुळातच वाकलेली डिस्क, अडकणारा पिस्टन, कॅलिपर ज्यावर सरकतो ती पिन कोरडी असणे हे झिजणे नव्हे, जोडणीतले किंवा भागातले दोष आहेत, आणि ते लवकर व लेखी नोंदवले तरच पुढे बोलता येते. जॉब कार्डवर ‘ब्रेकचा आवाज’ एवढेच लिहू देऊ नये. आवाज केव्हा, किती वेगाला, गरम की थंड असताना येतो आणि मीटर किती किलोमीटर दाखवतो, हे लिहून घ्यावे, त्याची प्रत घ्यावी आणि आवाजाचे चित्रीकरण जवळ ठेवावे. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे.

आमच्या इमारतीतल्या मुलाच्या गाडीत साडेतीनशे किलोमीटरला किंकाळी सुरू झाली होती. पहिल्या सर्व्हिसला त्याने तोंडी सांगितले, त्याला ‘नवी आहे, जाईल’ असे उत्तर मिळाले, आणि मग त्या संदेशाप्रमाणे तो हजाराची वाट पाहत राहिला. नऊशेच्या पुढे त्याने मला गाडी दाखवली तेव्हा पिस्टनच्या बाजूचा पॅड झिजून दुसऱ्या पॅडच्या निम्म्या जाडीचा उरला होता. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्यातली एक जवळजवळ कोरडी होती, त्यामुळे कॅलिपर सरकत नव्हता आणि सगळा दाब एकाच पॅडवर पडत होता. दुसऱ्या खेपेला त्याने हेच जॉब कार्डवर लिहून घेतले. पिना साफ करून ब्रेकचे ग्रीस भरले, दोन्ही पॅड बदलले, पिनांचे काम वॉरंटीत धरले गेले, पॅडचे पैसे त्याला भरावे लागले. साडेतीनशे किलोमीटरला पिना पाहिल्या असत्या तर पॅड वाचले असते.