दहा बाय बाराच्या हॉलला कोपऱ्यातला सबवूफर? जरा थांबा

घणसोलीतल्या माझ्या भाच्याला सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज आला आणि पठ्ठ्या लगेच सबवूफर, म्हणजे फक्त बेसचे खालचे सूर वाजवणारा स्पीकर, बुक करायला निघाला. मेसेजमधले सल्ले असे: बारा इंचांखालचा वूफर घेऊच नका, कोपऱ्यात ठेवा, बेस फुकटात दुप्पट, बेसला दिशा नसते, त्यामुळे कुठेही ठेवला तरी चालतो, आणि खाली फोमचा पॅड टाकला की शेजाऱ्यांना काही ऐकू जात नाही. कुठेही चालतो, तर मग कोपराच कशाला? मेसेज पुढे ढकलणाऱ्या एकालाही हे विचारायचं सुचलं नाही.

कोपऱ्यात आवाज वाढतो, हे नाइलाजाने मान्य. पण वाढतं काय, ते बघा. आवाजाचा वेग सेकंदाला 343 मीटर. त्याला खोलीच्या मीटरमधल्या लांबीच्या दुपटीने भागा. बारा फुटांना साधारण 47 हर्ट्झ येतात, दहा फुटांना 56. त्या सुरांना खोली स्वतःच घुमते, आणि कोपऱ्यातला सब हे सगळे घुमारे एकदम उठवतो. त्यात सोफा भिंतीला टेकलेला (वन बीएचकेत तो दुसरा जाणार कुठे?), आणि भिंतीपाशीच घुमारा सगळ्यात जास्त. बेस गिटार एकेक सूर उतरत येते, 46 हर्ट्झचा एफ शार्प लागतो आणि शोकेसच्या काचा वाजायला लागतात. बाकीचे सूर त्या गदारोळात बुडतात. हा म्हणे दुप्पट बेस!

हर्मन कंपनीच्या टॉड वेल्टी यांनी 2002 साली ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीपुढे याच विषयावर पेपर मांडला. आयताकृती खोलीत समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर ठेवलेले दोन सब जवळजवळ चार सबइतका एकसारखा बेस देतात, असं त्यात निघालं. भिंतीच्या बरोबर मध्यावरून त्या लांबीचा पहिला घुमारा उठतच नाही. म्हणून सब एकच असला, तरी आधी बारा फुटी भिंतीचा मध्य वापरून बघा.

बारा इंची वूफर जास्त हवा हलवतो, हे खरंच. पण लहान खोका, खोल बेस आणि कमी वीज या तिन्ही गोष्टी एकत्र मिळत नाहीत. एवढ्या हॉलला आठ किंवा दहा इंची बंद खोक्याचा सब पुरतो. दिशेचं म्हणाल, तर साधारण 80 हर्ट्झखाली ती कळत नाही. क्रॉसओव्हर (सबने कुठपर्यंतचे सूर वाजवायचे ती मर्यादा) 120 वर ठेवलात तर कळते.

फोमचा मुद्दा मात्र भांडणं लावणारा आहे. पॅडने फरशीची थरथर थोडी कमी होईल, पण हवेतून भिंतीत आणि स्लॅबमध्ये शिरणाऱ्या बेसला तो काय अडवणार? आणि मोबाइलवरच्या मीटरच्या भरवशावर राहू नका. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला रात्री 10 ते सकाळी 6 मर्यादा 45 डेसिबलची आहे, पण ती ए-वेटिंगने, म्हणजे कानाला कमी जाणवणारे सूर कमी धरून, मोजतात. त्यात 50 हर्ट्झचा आवाज तब्बल 30 डेसिबलने कमी धरला जातो. आकडा नियमात बसेल, वरच्या काकू तरी बेल वाजवतीलच.

भाच्याला सांगितलंय, सब घरी आला की आधी सोफ्यावर ठेव, बेस गिटारचं गाणं लाव आणि भिंतीकडेने रांगत फिर. जिथे सगळे सूर सारखे ऐकू येतील, तिथे सब. ती जागा नेमकी दारामागे निघाली, तर वहिनींशी बोलणी त्याची त्याने करावीत.