कागदी कपातलं ‘मेण’ आणि पिशवीतला चहा

‘कागदी कपाला आतून मेण लावतात. गरम चहाने ते वितळून आतड्याला चिकटतं आणि कॅन्सर होतो. कप जोडायचा गोंदही पोटात जातो. त्यापेक्षा चहा पिशवीत बांधून आणा.’ हा मेसेज आमच्या आत्यापर्यंत पोचला आणि तिने दुकानात रोजचा चहा पिशवीतून मागवायला सुरुवात केली. म्हणून हे लिहितोय.

थंड पेयांच्या कपांना मेण लावायची पद्धत होती, एवढं खरं. चहाच्या कपाला ते लावून चालणारच नाही. हे मेण, म्हणजे पॅराफिन, साधारण ५०-६० अंशांनाच पातळ होतं. तसा कप चहा संपायच्या आत गळायला लागेल. चहाच्या कपाच्या कागदावर वितळलेल्या पॉलिथिनचा पातळ पडदा सोडतात आणि थंड रोलरखाली दाबून बसवतात. खात्री करायची असेल तर एक कप रात्रभर पाण्यात भिजत ठेवा. सकाळी कागदाचा लगदा बोटाने खरवडून निघतो आणि हातात पारदर्शक पापुद्रा उरतो. हे पॉलिथिन वितळायला १०५ अंशांच्या वर जावं लागतं. चहा तेवढा तापत नाही.

गोंदाचं म्हणाल, तर हाच थर तापवून कडा एकमेकींवर दाबतात, त्या चिकटतात. तळाची चकतीही तशीच बसते.

आता नाइलाजाने एक मान्य करतो. थर वितळत नसला तरी त्याचे कण सुटतात. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी २०२० मध्ये ते मोजले: १०० मिलिलिटर गरम द्रव १५ मिनिटं कपात राहिला तर सुमारे २५,००० सूक्ष्म कण. त्यांनी कण मोजले, कॅन्सर नाही. तरी कपात चहा घेऊन गप्पा मारत बसू नये, हे मला पटतं.

पण मग पिशवी कशी चालते? कपात निदान बाहेरून कागद असतो, पिशवी तर सगळीच प्लास्टिकची. उकळता चहा तिच्यात ओतून गाठ मारायची, घरी येईपर्यंत तो तिच्यातच राहणार. आणि ती पातळ पिशवी खाण्याच्या वस्तूंसाठी बनवलेली आहे की कसल्या भंगारातून, हे टपरीवाल्यालाही सांगता येत नाही. १२० मायक्रॉनपेक्षा पातळ कॅरी बॅगवर ३१ डिसेंबर २०२२ पासून देशभर बंदी आहे. प्लास्टिकच्या भीतीने माणसाला आणखी प्लास्टिक पाजणारा हा सल्ला आहे, आणि लोक तो ‘काळजी घ्या’ म्हणत पुढे पाठवतायत!

आत्याला स्टीलची किटली दिली आहे. टपरीवाला त्यात चहा ओतून देतो, कुरकुर न करता.